लायब्ररीतली गर्दी मोजायला निघालो होतो: फायनल इयर प्रोजेक्टच्या नोंदी

२१ जुलै २०२५, सोमवार

टॉपिक फायनल झाला एकदाचा. वायफायवरून लायब्ररीतली गर्दी मोजायची. परीक्षेच्या आधी रीडिंग हॉलला जागा मिळत नाही, आपण तीन मजले चढून जातो आणि वर प्रत्येक खुर्चीवर कुणाची तरी बॅग, तर खालीच एक डिस्प्ले लावायचा की वर अंदाजे किती जण आहेत. कॅमेरा नको, कार्ड पंच नको, फक्त फोन मोजायचे. फोनचं वायफाय चालू असलं की तो मधेमधे ओरडत असतो, कुणी नेटवर्क आहे का रे इकडे, त्याला प्रोब रिक्वेस्ट म्हणतात, आणि प्रत्येक वेळी सोबत त्याचा वायफायचा ओळख-नंबर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस असतो. वेगवेगळे मॅक मोजले की फोन मोजून झाले. वीकेंडचं काम आहे असं मी आमच्या प्रोजेक्ट गाइड मॅडमना म्हणालो, मॅडम नुसत्या हसल्या. आज कळतंय असं नाही, पण त्या हसण्यात काहीतरी होतं.

आमच्या तिसऱ्या मेंबरला मोबाईल नेटवर्कवर करायचं होतं, एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचा रेडिओ रिसीव्हर, घेऊन टूजीचे सिग्नल वगैरे. टूजीत फोनला टॉवरसमोर स्वतःची ओळख पटवावी लागते पण टॉवरला फोनसमोर नाही, म्हणून खोटा टॉवर उभा करून सिमचा कायमचा नंबर, म्हणजे आयएमएसआय, काढून घेता येतो. मॅडमनी दोन मिनिटांत विषय मिटवला. लायसन्सचं स्पेक्ट्रम आहे ते, तिकडे हात लावायचा नाही, कॉलेजच्या गेटवर पोलीस आले तर मी तुमच्यासाठी उभी राहणार नाही. २.४ गिगाहर्ट्झला लायसन्स लागत नाही आणि तिथेही तुम्ही फक्त ऐकायचं, एक फ्रेम, म्हणजे वायफायचा एक संदेश, हवेत सोडायची नाही. हे आमच्याकडून वहीत लिहून घेतलं आणि तिघांच्या सह्या घेतल्या.

२६ जुलै, शनिवार

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. पाऊस, चिखल, आणि पार्टनरची गाडी लावायला जागा शोधण्यात पाऊण तास. यूएसबी वायफाय अ‍ॅडॅप्टर पाहिजे होता, मॉनिटर मोड चालणारा, म्हणजे कुणाशी कनेक्ट न होता हवेतल्या सगळ्या फ्रेम ऐकता येतील असा. नेटवर सगळे एकाच मॉडेलचं नाव घेतात, तेच मागितलं, तेच मिळालं, खोकं तेच, नंबर तोच. घरी येऊन लावला तर मॉनिटर मोडच येईना. रात्री एक वाजता कळलं की त्याच नंबराच्या व्हर्जन वनमध्ये एआर ९२७१ नावाची चिप होती, जी चालते, आणि व्हर्जन टूपासून आत वेगळीच चिप टाकलीय. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात व्हर्जन लिहिलेलं असतं. आम्ही ते बघितलं नाही. दुकानदाराने "खोकं फोडलं ना, मग कसं घेणार परत" म्हणून हात वर केले, त्याचंही बरोबरच आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

सीनियरकडून जुना अ‍ॅडॅप्टर उसना आणला, चिप बघून. लगेच चालला. वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरच्या फ्रेम दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडलं आणि भस्सकन फ्रेम यायला लागल्या, इतक्या की आधी नुसतं बघतच बसलो. फक्त प्रोब रिक्वेस्ट ठेवायचा फिल्टर लावला. चॅनेल एक, सहा, अकरा असे आलटून पालटून ऐकायचे, कारण एका वेळी अ‍ॅडॅप्टर एकाच चॅनेलवर कान देऊ शकतो, बाकीच्या वेळी तिकडचं जे काय होतं ते हुकतं. गर्दी मोजणाऱ्याला हे हुकणं फार महाग पडतं पण ते नंतर.

पहिला धडा हा: मॅक अ‍ॅड्रेस दोन प्रकारचे दिसले. बारा अंकी अ‍ॅड्रेसमधला दुसरा अंक बघायचा. तो दोन, सहा, ए किंवा ई असेल तर तो अ‍ॅड्रेस फोनने स्वतः बनवलेला, खोटा आहे. बाकीचे खरे, कारखान्यातून आलेले, त्यातला पहिला अर्धा भाग कंपनीला दिलेला असतो म्हणजे फोन कुठल्या कंपनीचा ते कळतं. आमच्या खोलीत बसून ऐकलं तर बहुतेक सगळे खोटेच. पार्टनर म्हणे, मग मोजायचं काय?

१२ ऑगस्ट, मंगळवार

लॅबमध्ये आम्ही अकरा जण, सगळ्यांनी फोन चालू ठेवले, काउंटर एक तास चालवला. उत्तर आलं एकशे बेचाळीस. लॅबच्या बाहेरून जाणारे, वरच्या मजल्यावरचे, सगळे धरले तरी एवढे नाहीत. एकच फोन दर थोड्या वेळाने नवीन मॅक घेऊन येतो आणि आम्ही त्याला नवीन माणूस समजतो. उलट ज्याचा फोन खिशात झोपलाय तो दहा-दहा मिनिटं तोंडच उघडत नाही, म्हणजे माणूस आहे पण मोजला जात नाही. वायफायचं सेटिंगचं पान उघडं ठेवलं की मात्र फोन नुसता बडबडतो. म्हणजे आमचा आकडा लोकांचा नाहीच, अस्वस्थपणे फोन उघडून बघणाऱ्यांचा आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो तसाही वाढणारच.

फोन हे खोटे मॅक कधीपासून वापरतात ते वाचलं. आयफोनने २०१४ मध्ये आयओएस ८ पासून सुरुवात केली. अँड्रॉइडने आठव्या व्हर्जनपासून नेटवर्क शोधताना आणि २०१९ च्या दहाव्या व्हर्जनपासून नेटवर्कला जोडल्यावरही खोटा मॅक वापरायला घेतला. यामागे कारण आहे. २०१३ मध्ये लंडनच्या सिटी भागात कचऱ्याच्या डब्यांत, हो, जाहिरात दाखवणाऱ्या रिसायकलिंगच्या डब्यांत, एका कंपनीने फोन ऐकणारी यंत्रं बसवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मॅक टिपायला. बोंब झाली आणि तिथल्या कॉर्पोरेशनने ऑगस्टमध्ये बंद करायला लावलं. वाचून मी पार्टनरला म्हटलं, अरे आपणही लायब्ररीत डबाच लावतोय की. तो म्हणाला आपल्या डब्यात कचरा नाही. विषय तिथेच संपला, तेव्हा.

मजा म्हणजे मोबाईल नेटवर्कवाल्यांना ही अक्कल वायफायवाल्यांच्या कितीतरी आधी आली होती. जीएसएममध्ये सुरुवातीपासूनच सिमचा कायमचा नंबर सारखा हवेत जाऊ नये म्हणून तात्पुरता नंबर देण्याची सोय होती. फक्त टॉवरने "खरा सांग" म्हटलं की फोन निमूटपणे सांगायचा, तिथे घोळ होता. फाईव्हजीत तो नंबर कंपनीच्या पब्लिक कीने एनक्रिप्ट करूनच, म्हणजे फक्त कंपनीलाच उलगडता येईल असा, पाठवायची सोय केली. रोग एकच, दोन्हीकडे: कायमचा नंबर आणि तो चारचौघात ओरडून सांगायची सवय.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज मॅडमसोबत दीड तास. मी आधीच तयारीत होतो, म्हटलं मॅडम प्रायव्हसीचं आम्ही बघितलंय, मॅक आम्ही साठवतच नाही, त्याचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेला सांकेतिक आकडा, साठवतो, हॅशवरून उलटं जाता येत नाही, म्हणजे अ‍ॅनॉनिमस. मॅडम म्हणाल्या बरं, तुझ्या फोनच्या खऱ्या मॅकचा हॅश दे. दिला. फोन कुठल्या कंपनीचा? सांगितलं. म्हणाल्या आता तूच फोड.

मॅकचा पहिला अर्धा भाग कंपनीचा, तो यादीतून मिळतो. एका कंपनीचे असे बरेच असतात पण यादी उघडी आहे. उरला मागचा अर्धा, चोवीस बिट, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा शक्यता. ऐकायला मोठा आकडा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर साध्या पायथनमध्ये सगळ्यांचे हॅश काढायला वीस-बावीस सेकंद लागले. मॅडमनी चहा मागवला होता तो यायच्या आत माझाच मॅक माझ्यासमोर. हॅश उलटा फिरवायची गरजच नाही, सगळी दारं ठोठावत जायचं, दारंच कमी आहेत. मोबाईल नंबरचंही तेच, दहा आकड्यांत शक्यता असून असून किती असणार, तरी लोक नंबरचा हॅश करून "डेटा सेफ आहे" लिहितात. मीही काल रिपोर्टमध्ये लिहिलं होतं. ते पान फाडलं.

मग सॉल्ट लावू म्हटलं, म्हणजे हॅश करायच्या आधी मॅकला एक गुप्त रँडम तुकडा जोडायचा. मॅडमनी पॅरिसची केस सांगितली. ला देफॉन्स भागात जेसीडेको ही जाहिरात कंपनी अगदी हेच करणार होती, बोर्डांजवळून जाणारे लोक वायफायने मोजायचे, हॅश आणि सॉल्ट दोन्ही लावून. तिथल्या डेटा संरक्षण आयोगाने, सीएनआयएलने, २०१५ मध्ये परवानगी नाकारली आणि २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ते कायम ठेवलं. मुद्दा असा की सॉल्ट तुमच्याचकडे आहे, आणि तोच माणूस परत आला का हे तर तुम्हाला मोजायचंच आहे. परत आलेला ओळखायचाय आणि तो अनोळखीही ठेवायचाय, दोन्ही एकदम कसं होणार? मी यावर बराच वेळ काही बोललो नाही.

शेवटी ठरलं ते असं की सॉल्ट फक्त मेमरीत ठेवायचा, दर तासाला नवीन, जुना फेकून द्यायचा, डिस्कवर कधी लिहायचा नाही. मग तास संपल्यावर आम्हालाही काही उलटं काढता येणार नाही. यात "काल आलेला आजही आला" हे कळणार नाही, पण लायब्ररीच्या गर्दीला ते कशाला कळायला पाहिजे.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपती चालू. पार्टनरच्या डोक्यात भन्नाट आयडिया, मंडईत आणि लक्ष्मी रोडला पाठीवर बॅगेत रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, घेऊन फिरायचं, एवढा डेटा वर्षभरात मिळणार नाही. मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू. लंडनच्या मेट्रोने २०१६ मध्ये चार आठवडे ५४ स्टेशनांवर असंच केलं होतं, तिथे निदान पोस्टर लावून सांगितलं होतं की वायफाय बंद ठेवलं तर तुम्ही मोजले जाणार नाही. आपण दगडूशेठच्या रांगेत कुणाला सांगणार? मॅडमना व्हॉट्सअ‍ॅप केला, उत्तर एका शब्दाचं आलं, "नाही". मग आम्ही नुसतेच गेलो गणपती बघायला, बॅगेत छत्री घेऊन.

जाता जाता, टेस्टसाठीच्या राउटरचं नाव देवनागरीत ठेवायचं होतं, गणपती बाप्पा, ते बसलंच नाही. वायफायच्या नावाला बत्तीस बाइटची मर्यादा आणि देवनागरीचं एक एक अक्षर, काना-मात्रा-हलन्त धरून, तीन तीन बाइट खातं. मोजून बघितलं, चौतीस होतात. दोन बाइटने बाप्पा हुकला. नुसतं "बाप्पा" ठेवलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

आता एक विचित्र पेच. ज्यांनी संमतीच्या फॉर्मवर सही केलीय त्यांच्याच फोनचं ऐकायचं, बाकीच्यांच्या फ्रेम टाकून द्यायच्या. पण हवेतलं आपोआप सगळंच कानावर पडतं. टाकून द्यायच्या म्हणजे कुठली कुणाची हे ओळखावं लागणार, आणि फोन तर मॅक बदलत राहतोय, तो ओळखू येऊ नये म्हणूनच. म्हणजे लोकांची प्रायव्हसी जपायला आधी त्यांना ट्रॅक करावं लागेल. पार्टनर म्हणाला सीक्वेन्स नंबर वापरू, प्रत्येक फ्रेमला शून्य ते चार हजार पंच्याण्णव असा चढता नंबर असतो, काही फोन मॅक बदलतात पण हा नंबर पुढे चालूच ठेवतात, तर दोन मॅकचा सांधा जुळतो. फ्रेममध्ये फोन स्वतःची क्षमता सांगतो, कुठले स्पीड चालतात वगैरे, त्यावरूनही मॉडेल ओळखू येतं. २०१६ आणि २०१७ च्या रिसर्चमध्ये हे सगळं करून दाखवलेलं आहे, अमेरिकेच्या नेव्हल अकॅडमीतल्या मंडळींनी तर फोनला एक कंट्रोल फ्रेम पाठवून त्याचा खरा मॅक काढून दाखवला. पण पाठवायचं नाही ही आमची सही आहे. आणि सांधा जुळवणं म्हणजे तेच ट्रॅकिंग, वेगळ्या नावाने.

म्हणून तंत्राने नाही तर जागेने सोडवलं. तळघरात जुन्या मशीन ठेवायची स्टोअर रूम आहे, तिथे मोबाईलला रेंज येत नाही म्हणून सगळे शिव्या देतात, आम्हाला स्वर्ग. सहभागी माणसं आत, दार बंद, आणि ठरावीक ताकदीपेक्षा कमी सिग्नलची फ्रेम आली की मेमरीतच टाकून द्यायची.

त्याआधी एक एक फोन वेगळा तपासायला घरी स्टीलचा डबा वापरून बघितला, आईचा लाडवांचा मोठा. वाटलं होतं झाकण लावलं की सिग्नल शून्य. कसलं शून्य, कमी झाला पण येतच राहिला. झाकणाची फट. लाटेची लांबी साडेबारा सेंटीमीटर असली तरी गोल फटीची लांबी तेवढी भरतेच. फटीवरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल गच्च गुंडाळल्यावर बराच फरक पडला. आईने विचारलं डब्यात काय ठेवलंय, मी म्हटलं फोन, ती काही बोलली नाही, लाडू दुसऱ्या डब्यात काढून ठेवले.

१३ सप्टेंबर, शनिवार

ही नोंद दोन दिवसांनी लिहितोय.

आम्हाला जुने फोन हवे होते. मुलांकडे सगळे नवे. म्हणून शिपाई मामांना विचारलं, त्यांचा फोन अँड्रॉइड सहाचा, काचेवर तडा, मागचं झाकण रबराने बांधलेलं. फॉर्म मराठीत होता, मी वाचून दाखवला, मामा म्हणाले द्या इकडं, आणि सही केली. त्यांना नक्की काय कळलं ते मी विचारलं नाही. मलाच नीट कळलं नव्हतं.

स्टोअर रूममध्ये मामांचा फोन स्टुलावर ठेवला, वायरशार्क मोठ्या स्क्रीनवर, सगळे बघतायत. खरा मॅक, दर वेळी तोच, कंपनीचं नाव समोर. आणि दर वेळी फोन नुसता "कुणी आहे का" एवढंच विचारत नव्हता, नावं घेऊन विचारत होता. जुने फोन हे करतात, आधी ज्या ज्या नेटवर्कला जोडले गेलेत त्यांना एकेकाला नावाने हाका मारतात. एक कॉलेजचं. एक कुणाच्या तरी आडनावाचं, फ्लॅट नंबरसकट, बहुतेक मामा तिथे फावल्या वेळात काम करत असतील. एक गावाकडच्या मोबाईलच्या दुकानाचं. आणि एक डायग्नोस्टिक सेंटरचं गेस्ट वायफाय. पार्टनरने ते मोठ्याने वाचलं. त्याच्या तोंडून निघून गेलं, स्क्रीनवर येईल ते आम्ही तोपर्यंत वाचतच होतो. ते सेंटर कशासाठी प्रसिद्ध आहे ते आमच्या भागात सगळ्यांना माहितीय.

खोलीत एकदम कुणी काही बोलेना. मी लॅपटॉप मिटला. मामा आधी हसले, म्हणाले, "मला काय झाकायचंय वो, म्हातारा माणूस." मग जरा थांबून, फोन हातात घेत, "पर हे वरच्या सायबांना दिसतं का?"

मी म्हटलं नाही. नंतर घरी जाताना डोक्यात आलं की मी हे कुठल्या आधारावर म्हटलं. कॉलेजमध्ये जागोजागी वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट आहेत, या हाका त्यांच्याही कानावर पडतातच, कुणी मुद्दाम बघत नाही एवढंच.

१५ सप्टेंबर, सोमवार

शनिवारची फाईल तिघांनी मिळून डिलीट केली. रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डवर होती ती, कार्ड पूर्ण पुसलं. कॅप्चरचा कोड बदलला, नेटवर्कचं नाव आता मेमरीतून पुढे जातच नाही, नाव आहे की नाही एवढंच एक हो-नाही ठेवतो. हे पहिल्या दिवसापासून करता आलं असतं, चार ओळींचा कोड आहे.

संमतीचा फॉर्म परत लिहिला. आधी लिहिलं होतं "वायरलेस मेटाडेटा संकलित केला जाईल". आता लिहिलंय "तुमचा फोन आजवर कुठकुठल्या वायफायला जोडला होता त्यांची नावं आम्हाला दिसू शकतात, उदाहरणार्थ दवाखाना, लॉज, नातेवाइकांचं घर". मॅडमनी वाचून लॉज काढू का असं विचारलं, मग म्हणाल्या राहू दे. नव्या फॉर्मवर जुन्या चौदापैकी नऊ जणांनी सही केली. पाच जणांनी नाही केली. आधीच्या चौदा सह्यांची किंमत काय होती ते यावरून समजा.

असल्या नावांवरून जागा शोधणंही अवघड नाही. विगल म्हणून २००१ पासूनचा उघडा नकाशा आहे, लोक फिरता फिरता सापडलेल्या वायफायची नावं आणि ठिकाणं त्यात भरत असतात. जरा वेगळं नाव असेल तर थेट गल्ली सापडते. मामांच्या यादीतलं एकही नाव मी त्यात टाकून बघितलेलं नाही. टाकावंसं वाटलं होतं.

मामांच्या फोनमधून जुनी नेटवर्क काढून दिली. कॉलेजचं तेवढं ठेवा म्हणाले, नातवाचे व्हिडिओ येतात. सेंटरबद्दल मी काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

टॉपिक बदलायचा का यावर दसऱ्याच्या सुट्टीत फोनवर भांडण. पार्टनरचं म्हणणं काउंटर अर्धा झालाय, अ‍ॅक्युरसी वाढवू. माझं म्हणणं, जी अ‍ॅक्युरसी वाढते ती ट्रॅकिंग सुधारूनच वाढते, मॅक बदलला तरी तोच माणूस ओळखता आला की आकडा बरोबर येतो, आणि ज्यांचा आकडा आत्ताही एकदम बरोबर येतो ते मामांसारखे, जुना फोनवाले. महागडा फोनवाला अंधारात आणि बारा वर्षं जुन्या फोनवाल्यावर हॅलोजन. तिसरा म्हणाला मार्क कशाला मिळतील ते सांगा. त्याचंही चूक नाही.

शेवटी मधला रस्ता. डबा लायब्ररीत लावायचा नाही, माणसाच्या हातात द्यायचा. ईएसपी ३२ चं एक छोटं बोर्ड, त्याला चिमुकली ओएलईडी स्क्रीन. फोन त्याच्यावर ठेवायचा, अगदी चिकटवून, म्हणजे सगळ्यात जोरदार सिग्नल तेवढाच धरायचा, आणि तुमचा फोन काय काय ओरडतोय ते तुम्हालाच दाखवायचं. मेमरी कार्ड नाही, इंटरनेट नाही, स्विच बंद केला की सगळं गेलं. पार्टनरने नाव सुचवलं "आरसा". जरा फिल्मी आहे पण राहू दे.

टेस्ट करताना एक भलतंच सापडलं. पार्टनरचा स्वतःचा फोन, दोन वर्षांचा, मॅक वगैरे सगळा खोटा, पण एक नाव तो सारखं घेत होता, त्याच्या घरच्या वायफायचं. कारण त्याच्या बाबांनी सोसायटीतल्या कुणाच्या सल्ल्याने वायफाय हाइड करून ठेवलंय, चोराला दिसू नये म्हणून. राउटर गप्प बसला की फोनलाच नाव घेऊन शोधत फिरावं लागतं, घरी, ऑफिसात, बसमध्ये, सगळीकडे. म्हणजे लपवलेलं नेटवर्क घरातून निघून गावभर हिंडतं. त्याच्या बाबांना हे पटवायला त्याला अख्खा रविवार लागला, अजून पटलंय असं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रिव्ह्यू झाला. पॅनेलमधल्या एका सरांनी विचारलं, आउटपुट काय? आकडा कुठाय? मी सांगितलं आकडा मुद्दाम काढलेला नाही. ते म्हणाले मग हा प्रोजेक्ट आहे की निबंध. मॅडमनी मला बोलू दिलं, मधे पडल्या नाहीत, ते बरं झालं. मी हॅशचा डेमो केला, सरांच्याच फोनच्या कंपनीचा एक बनावट मॅक घेऊन, बावीस सेकंद. सर म्हणाले, आमच्या अटेंडन्सच्या सिस्टीममध्ये पण हॅशच आहे ना? यावर पॅनेलची आपसात चर्चा सुरू झाली आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं. मार्क बरे मिळाले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीनंतर पहिल्यांदा हात लावला. दरम्यान डेटा संरक्षण कायद्याचे नियम आले, कायदा २०२३ चा, नियम या नोव्हेंबरात. रिपोर्टमध्ये एक परिच्छेद टाकायचाय. कायद्यात म्हटलंय की संमतीआधीची सूचना साध्या सोप्या भाषेत पाहिजे, आणि ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय पाहिजे. मराठी अनुसूचीत आहेच. आमचा पहिला फॉर्मही मराठीतच होता, भाषा मराठी आणि अर्थ कुणालाच नाही.

बाकी सगळा दिवस स्क्रीनने खाल्ला. ओएलईडीच्या लायब्ररीत देवनागरी जोडाक्षरं जमत नाहीत, "नेटवर्क"चा रफार भलतीकडे जातो, "प्रश्न" वाचवत नाही. अक्षर जोडायचं इंजिन त्या बोर्डावर चढवण्यापेक्षा लॅपटॉपवर वाक्यांची चित्रं बनवून तीच बोर्डात टाकली, ठरलेली सात-आठ वाक्यंच तर आहेत. नेटवर्कचं नाव मात्र जसं येईल तसं दाखवावं लागतं, बहुतेक इंग्रजीतच असतं, चालून जातं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मामा आज आपणहून आले, दोन फोन घेऊन, एक मेव्हण्याचा आणि एक सुनेचा. "ते आरशावर ठेवून बघा की." मी म्हटलं मामा, ज्यांचा फोन त्यांनी हो म्हटलं पाहिजे. मेव्हण्याला तिथल्या तिथे फोन लावून दिला, मी त्याला समजावून सांगितलं, तो म्हणाला बघा, आणि तुम्ही मोठ्याने वाचू नका म्हणजे झालं. म्हणजे मामांनी घरी सांगितलंय. सूनबाई फोनवर मिळाल्या नाहीत, तो फोन बाजूला ठेवला.

मेव्हण्याचा फोन ठेवला. स्क्रीन मामांकडे फिरवली आणि मी पाठ करून उभा राहिलो, आता अशीच पद्धत ठेवलीय. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मामा म्हणाले, "काय बी येईना. बिघडलं का?"

बिघडलं नव्हतं. फोन नवा होता, नावं घेत नव्हता, मॅक बदलत होता, आमच्या आठ वाक्यांतलं एकही त्याला लागू नव्हतं म्हणून स्क्रीन कोरी. सगळं ठीक असलं तर काय दाखवायचं याचं चित्रच आम्ही बनवलेलं नाही. आणि "तुमचा फोन सुरक्षित आहे" असं लिहिता येणार नाही, कारण आम्ही फक्त २.४ वर ऐकतो, तेही दहा मिनिटं. पार्टनर म्हणतो "काही ऐकू आलं नाही" लिहू. मामांना ते वाचून दाखवलं तर म्हणाले, मग जरा मोठ्यानं लावा की आवाज. उद्या परत बसतोय.